तांबडा दगड पाणी पितो

१३ जानेवारी १९८५, रविवार

कारखान्याचे साहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात, नोंद ठेवा. किती टँकर टाकले, कधी टाकले, काय उगवलं." म्हणून ही शाळेची शंभर पानी वही काढली. दिवसभर पोरांचं शुद्धलेखन तपासतो, इथं मात्र तोंडाला येईल तसं लिहिणार. वही माझी, जीभ माझी.

तर नोंद. मी नागनाथ मारोती, प्राथमिक शाळेचा मास्तर, वय बेचाळीस. खटकचिंचोळीच्या पलीकडं, माळाच्या पायथ्याला आमची बौद्धांची वस्ती. सात वर्षांखाली सरकारनं मला पाच एकर गायरान दिलं. धर्माची गाय आन् दात का गं न्हाय, म्हणून मी गप्प बसलो. पण जमीन चोपण हाय. उन्हाळ्यात मीठ सांडल्यागत पांढरी फटक, पावसाळ्यात पाय रुतला की चप्पल ठेवून घेते. ज्वारी वीतभर येते आन् पिवळी पडून मरते.

हैदराबाद रस्त्याला दारू गाळायचा नवा कारखाना झालाय. दारू गाळून झाली की मागं काळं पाणी उरतं. साहेबांनी छापील कागद दिलाय: एक भाग काळं पाणी, दहा भाग साधं पाणी, वर्षातून एकदाच, पेरणीच्या चार महिने आधी. त्यानं चोपण सुटतं, जमीन मऊ होते. सगळं फुकट, टँकरसुद्धा त्यांचाच.

घरी सांगितलं तर शोभा, आमची मालकीण, म्हणाली, "फुकट कोन देतंय वो ह्या जमान्यात? त्यांना नको झालंय म्हणून तुमच्या दारात आणून टाकायलेत." बाईमाणसाला शास्त्र कळत न्हाई.

२७ जानेवारी, रविवार

पहिला टँकर आला. ड्रायव्हर तिप्पण्णा, हुमनाबादकडचा, बोलतो अर्धं कानडी अर्धं मराठी. नळ सोडला तर काळंभोर, वाफाळतं पाणी. गूळ करपून आठ दिवस कुजत पडावा तसा वास. ओढ्याला इंजिन लावून दहापट पाणी मिसळलं. कागदात लिहिल्याप्रमाणं, इंचभरही फरक न्हाई. कंबर मोडली.

माय काठी टेकत बघायला आली. सत्तरी उलटली तरी हिला सगळं बघायचं असतं. पदर नाकाला लावून म्हणते, "नागू, हे पाणी जातंय कुठं रं?"

"जमिनीत जातंय माय."

"आन् जमिनीतून?"

मी हसलो. तिप्पण्णा पण हसला.

५ फेब्रुवारी

कपड्यांचा वास जात न्हाई. आज वर्गात शिरलो तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मास्तर आले, खिडक्या उघडा!" कोण बोललं ते सापडलं न्हाई. सगळ्या वर्गाला पंधराचा पाढा दहा वेळा लिहायला लावला.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. दरसालप्रमाणं सकाळी आमच्या हिरीच्या, म्हणजे विहिरीच्या, कट्ट्यावरची अक्षरं रंगवली.

ह्या हिरीबद्दल लिहिलं पाहिजे. माझ्या लहानपणी आमच्या बायका गावच्या बारवेपाशी घागर घेऊन उंच कट्ट्याच्या पायऱ्यांखाली थांबायच्या. वरून कुणी वाढलं तर पाणी, न्हाईतर घरी. धर्म बदलला त्याच्या दुसऱ्या साली बा म्हणाला, आता कुणाच्या हाताखाली घागर धरायची न्हाई. माळाच्या पायथ्याला जिथं तांबडा दगड संपतो तिथं त्यानं जागा धरली. लोक हसले, म्हणाले इथं पाणी कुठलं. बा म्हणायचा, "तांबडा दगड पाणी पितो आन् खाली देतो. वर पडलेला पाऊस तो आपल्यासाठी सांभाळून ठेवायलाय." सहा महिने बा आन् माय दोघंच खणत होते. चौतीस हातांवर झरा लागला. मी तेव्हा पंधरा वर्षांचा. कट्ट्यावर मी खडूनं लिहिलं आन् पाथरवटानं कोरलं:

ही विहीर सर्वांना खुली आहे.
मारोती, १९५८

ज्यांनी आम्हाला खाली थांबवलं, त्यांनाबी खुली! बाला मी तेव्हा विचारलं होतं, कामून? तर म्हणाला, मग आपल्यात आन् त्यांच्यात फरक काय राहिला?

बहात्तरच्या दुष्काळात बारव आटली, आमची हीर आटली न्हाई. सगळं गाव आमच्या दारात घागरी घेऊन आलं. माय कट्ट्यावर बसून होती, कुणाला अडवलं न्हाई, पण काय बसली होती! राणीसारखी. तेव्हापासून नलिनीबाई, म्हणजे तहसिलीतून रिटायर झालेले अच्युतराव, त्यांच्या मालकीण, पिण्याचं पाणी आमच्याच हिरीचं नेतात. बारव त्यांच्या दाराशी असून! म्हणतात, "मास्तर, तुमच्या पाण्यात तुरीची डाळ दोन उकळ्यांत शिजते." हे वाक्य मी किती लोकांना ऐकवलं असेल त्याचा हिशोब न्हाई.

निळा ऑइलपेंट थोडा उरला. डबा माळ्यावर ठेवलाय.

२१ जुलै

मूग गुडघ्याला लागला! माझ्या पांढऱ्या जमिनीत! सकाळी बांधावर बसून नुसता बघत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. शोभाला म्हटलं, "बघ, शास्त्र!" ती म्हणाली, "मूग चांगलाय." एवढंच. ह्या बाईकडून शाबासकी काढणं म्हणजे दगडातून तेल काढणं.

६ ऑक्टोबर

मुगानंतर ज्वारी पेरली. काळी-हिरवी, ताठ. शिवारातले लोक बघायला येतात. गुरुशांतप्पा, ज्याची गावाच्या वरच्या अंगाला साठ एकर हाय, तो स्वतः आला. माझ्या बांधावर उभा राहून मला विचारतो, "काय टाकलात मास्तर?" माझ्या बाला ह्याच्या बापानं बांधावर उभं केलं नसतं.

२ नोव्हेंबर

तिप्पण्णानं एक युक्ती काढली. कारखान्यात काळं पाणी फार साठलंय, साहेबांना टाकायला जागा पाहिजे. "तुमच्या वर ती जुनी खाण हाय की मास्तर, दगडाची. तिच्यात साठवून ठेवा. लागंल तसं घ्या. कागद-बिगद काय बघत बसता?"

खाण माझ्याच गटात, माळाच्या कडेला. पूर्वी तिथून घरांसाठी तांबडा दगड काढायचे. आता नुसता खड्डा, वीस हात खोल. मला पटलं. दहापट पाणी मिसळायचं म्हणजे जिवाचं रान. आन् एकदा टाकून एवढं पीक आलं तर चारदा टाकल्यावर किती येईल?

आज अकरा टँकर सोडले.

१० नोव्हेंबर, रविवार

गंमत बघा. आठ दिवसांत तीस टँकर झाले आन् खाण भरतच न्हाई. आज सकाळी बघितलं तर तळाला नुसता काळा चिखल. तिप्पण्णा म्हणाला, "मास्तर, तुमची खाण बकासुर हाय!" ऊन खातंय पाणी, दुसरं काय. साहेब खूश. म्हणाले, पाहिजे तितकं टाका.

१७ डिसेंबर

घरात भांडण, डाळीवरून. शोभा म्हणते डाळ शिजत न्हाई, तासभर झाला तरी दाणा दाणा वेगळा. मी म्हटलं, दुकानदारानं जुनी डाळ गळ्यात मारली. तर म्हणे डाळ आपल्याच बांधावरची हाय. मग सरपण ओलं असेल.

६ जानेवारी १९८६

नलिनीबाईंचं पाणी बंद झालं. आठ दिवस त्यांची घागर आली न्हाई. आज बघितलं तर त्यांची कामवाली नागम्मा बारवेतून पाणी शेंदायली. विचारलं, कामून गं? तिनं मान खाली घातली. "अक्का म्हणाल्या, आता हितलंच आण." कारण विचारलं तर घागर उचलून चालू लागली.

कारण मला सांगायला पाहिजे व्हय? चौदा वर्षं पाणी चाललं, कारण गरज होती. आता माझ्या शेतात ज्वारी डोक्याएवढी आली, गुरुशांतप्पा माझ्या बांधावर आला, ते खुपलं. पाणी बाटलं त्यांचं!

११ जानेवारी, शनिवार

बाजारात अच्युतराव-नलिनीबाई दिसले. मला राहवलं न्हाई. चार लोकांत म्हणालो, "काय वहिनी, आमच्या पाण्यानं डाळ शिजायची बंद झाली, का सोवळं परत आलं?" बाईंचं तोंड पांढरं पडलं. काहीतरी बोलणार होत्या, पण अच्युतरावांनी हात धरून नेलं. बरं झालं. एवढी वर्षं पोटात होतं ते बाहेर पडलं.

संध्याकाळी वस्तीतल्या लोकांसमोर हिरीवर उभा राहिलो आन् दोन तांबे पाणी घटाघटा प्यालो. म्हटलं, आपल्या हिरीला नाव ठेवणाऱ्याच्या दारात कुणी जायचं न्हाई. लोकांनी माना हलवल्या.

फक्त ह्या वहीत लिहितो: चव बरी न्हवती. गुळचट आन् मागून कडू. तांब्या घासलेला नसेल.

२ फेब्रुवारी

सुजाता, माझी थोरली, पहिल्या बाळंतपणाला आली. उदगीरला दिलीय. पोरीचं तोंड सुकलंय पण डोळे हसरे. पहिल्याच घोटाला म्हणाली, "आबा, पाण्याला रंग आलाय का हो?" मी म्हटलं, माठ नवा हाय.

२० फेब्रुवारी

नातू झाला! पहाटे. सहा पौंड असेल, आवाज हेडमास्तरसारखा. मायनं रिवाजाप्रमाणं त्याच्या ओठाला बाच्या हिरीचं पाणी लावलं. आमच्या घरात प्रत्येक लेकराला पहिला थेंब त्या हिरीचा; सुजातालाही तोच लावला होता. माय म्हणाली, "मारोतीचं पाणी प्यालास, आता कुणाफुडं वाकायचं न्हाई." मला रडू आलं.

१ मार्च

सुजाताला दूध पुरत न्हाई. डब्याचं दूध आणलं, पाण्यात कालवून बाटलीनं द्यायचं. शोभा हळूच म्हणाली, "अवं, लेकरापुरतं बारवेचं पाणी आणू का? एक कळशी."

मी ताट सरकवून उठलो. "ह्या घरात दुसऱ्याच्या हिरीचं पाणी येणार न्हाई. उकळून द्या. उकळल्यावर कसली भीती?"

ती रोज दोनदा उकळायली. निम्मं आटेपर्यंत.

११ मार्च

लेकरू सावळं व्हायलंय. जन्मताना गोरं होतं. जावई काळाच हाय, त्याच्यावर जाणार.

१४ मार्च

जरा सुस्त वाटलं पोरगं. रडणं कमी झालंय. शोभा म्हणते नखं बघा. नखं थंडीनं निळसर दिसतात. मार्चात थंडी कुठली, असं तीच म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो.

१८ मार्च, बीदर

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितो.

सकाळी सुजाता किंचाळली. लेकराचे ओठ जांभळासारखे काळेनिळे, श्वास लहान लहान. रस्त्यावर धावलो. बस गेलेली. कोणतंच वाहन न्हाई. समोरून खाणीकडं चाललेला तिप्पण्णाचा टँकर आला. त्यानं काही विचारलं न्हाई, तिथंच रस्त्यात नळ सोडून टँकर रिकामा केला आन् आम्हाला चढवलं. त्या वासात माझा नातू बीदरला आला.

डॉक्टर तरुण हाय. लेकराला बघितलं आन् पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पाजता?"

"आमच्या हिरीचं. उकळून."

"उकळून पाण्यातलं विष जात नाही, उलट घट्ट होतं. विहिरीजवळ काही आहे का? खताचा ढीग, गटार, कारखान्याचं पाणी?"

मी मास्तर. वीस वर्षं बोलून पोट भरतो. पण सांगितलं ते शोभानं, सगळं, खाणीसकट. ती सांगत असताना मी भिंतीकडं बघत होतो.

डॉक्टरांनी शिरेतून निळ्या औषधाचं इंजेक्शन दिलं. निळ्या पडलेल्या लेकराला निळंच औषध. म्हणाले, असलं पाणी महिन्याभराच्या लेकराच्या रक्ताला श्वास धरू देत नाही. मोठ्या माणसांत काय करतं ते कळायला वेळ लागतो.

तासाभरानं ओठ गुलाबी झाले. पोरगं रडलं. मी व्हरांड्यात येऊन रडलो.

२२ मार्च

घरी आलो. दारात नलिनीबाई उभ्या, हातात बारवेच्या पाण्याची कळशी. आजवर त्या उंबऱ्याच्या आत आल्या न्हवत्या. आज सरळ आत येऊन सुजाताच्या बाजेवर बसल्या.

"मास्तर, मला डिसेंबरातच कळलं होतं. डाळ शिजेना, हंड्याच्या तळाला काळं बसायला लागलं. ह्यांना म्हटलं, मास्तरांना सांगून या. तर हे म्हणाले, त्यांच्या विहिरीला आपण नाव ठेवायचं? आपल्या वाडवडिलांनी त्यांना पाण्यासाठी काय काय भोगायला लावलंय. त्यांना काय वाटेल? गप्प राहा, नुसतं पाणी आणू नकोस." पदरानं डोळे पुसले. "बाजारात तुम्ही बोललात तेव्हा सांगायला पाहिजे होतं. माझी जीभच उचलली नाही हो."

मी त्यांच्या पायाशी खाली बसलो. "वहिनी, तुमी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का?"

त्यांनी कळशी सुजाताच्या उशाशी ठेवली.

२३ मार्च, रविवार

खाणीवर गेलो. टँकर बंद करून पाच दिवस झाले. अर्धीनिम्मी भरलेली सोडून आलो होतो. आज तळाला चिखल. काठावर बसलो, खाली सरळ रेषेत आमची हीर, आन् ही वही मागं चाळली. चौदा एप्रिलच्या पानावर बाचं बोलणं हाय, माझ्याच अक्षरात: तांबडा दगड पाणी पितो आन् खाली देतो. दहा नोव्हेंबरला, खाण भरतच न्हाई, गंमत बघा, हेबी माझ्याच अक्षरात. पोरांच्या वहीतली वेलांटी चुकली तर मला दहा हातांवरून दिसते.

साहेबांकडं गेलो. म्हणाले, "कागदावर एकास दहा लिहिलं होतं, वर्षातून एकदा. तुम्ही सही केलीय." खरं हाय. आन् खाणीचं काय, तीस-तीस टँकर कुणी पाठवले, असं विचारलं, तर म्हणाले चहा घेणार का.

हीर कधी नितळ होईल, विचारलं. ते कुणालाच माहीत न्हाई. दगडाच्या पोटात किती साठलंय ते दगडालाच ठाऊक.

९ एप्रिल

सकाळी टँकर गेला. माझ्याकडं न्हाई. गुरुशांतप्पाच्या माळाकडं. त्याचीबी जुनी खाण हाय, गावाच्या वर, आन् तिच्या बरोबर खाली बारव.

धावत गेलो. हात जोडले. नातवाचं सांगितलं, हिरीचं सांगितलं, दगडाचं सांगितलं. तो पान चघळत ऐकत होता. मग म्हणाला, "मास्तर, तुमची जमीन सुधारली तवा आमी काय म्हणलो का? आता आमची सुधारायची वेळ आली तर तुमच्या पोटात कामून दुखायलंय?"

चार लोक हसले. त्या लोकांत वस्तीतलेबी दोघं होते.

पंचायतीत अर्ज दिलाय. घेतला, टेबलाच्या खणात टाकला.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. माळ्यावरून निळा डबा काढला, थोडं रॉकेल घालून ढवळला.

वरच्या दोन ओळी दरसालप्रमाणं रंगवल्या. मग खाली, कोऱ्या दगडावर, तिसरी लिहिली. माझं अक्षर चांगलं हाय म्हणतात. हात पुन्हा पुन्हा थांबत होता.

माय कट्ट्यावर येऊन बसली. तिला वाचता येत न्हाई, पण ह्या दगडावर ती दर जयंतीला बोटं फिरवते. आजबी फिरवली. "वरचं बोटाला लागतंय. हे खालचं लागत न्हाई रं. अजून एक ओळ हाय की. काय लिहिलास?"

तारीख लिहिलीय म्हणावं असं तोंडापर्यंत आलं. पण तिच्या हातात घागर होती. दवाखान्यातून आल्यापासून आम्ही सगळे बारवेचं पितो, ती एकटी ऐकत न्हवती. म्हणायची, त्या पायऱ्यांवर मी परत जाणार न्हाई, मरण आलं तरी मारोतीचंच पाणी पिऊन येऊ दे.

"माय, पाणी पिऊ नये, असं लिहिलंय."

तिनं खाली हिरीत वाकून बघितलं. मग म्हणाली, "त्या बारवेवर आमी खाली थांबायचो, तवा तिथं काय बी लिहिलेलं नसायचं. तरी आमाला समदं वाचता यायचं." माझ्याकडं वळून म्हणाली, "आमाला पाणी पिऊ नको म्हणून लिहिणारा पहिला माणूस माझ्याच पोटचा निघाला रं नागू."

बोटाला लागलेला निळा रंग तिनं पदराला पुसला, घागर कमरेवर घेतली आन् काठी टेकत गावाकडं, बारवेच्या वाटेला लागली. वर गुरुशांतप्पाच्या माळावर टँकरचा आवाज येत होता. घागर मी घेतो म्हणून मागं जायला पाहिजे होतं. गेलो न्हाई. कोणत्या तोंडानं जाणार?